मोकळ्या तासाचा राखणदार

साहेबांना रिकामं बसता येत नसे. हा दोष आहे असं त्यांना पन्नाशी उलटली तरी कुणी सांगितलं नव्हतं. उलट सगळे त्याला गुण म्हणत, आणि गुण म्हटलं की आमचे साहेब त्याखाली सही करायला एका पायावर तयार. दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना ते तिथली जुनी मासिकं तारखेप्रमाणे लावून ठेवत. बायको एकदा त्यांना हौसेने तळ्याकाठी घेऊन गेली, म्हणाली, "आज नुसते बसू या." साहेब बसले. परत येताना त्यांनी तिला तळ्यातल्या कोणकोणत्या होड्यांवर नंबर टाकलेला नाही ते सांगितलं. पुढच्या वेळी बायको बहिणीबरोबर गेली.

असा हा माणूस, आणि सरकारने त्यालाच मुलांच्या विश्रांतीवर नेमलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्यासाठीच कुणीतरी आधीपासून करून ठेवली असावी, असं साहेब पुढे स्वतःच सांगत. तेव्हा मात्र त्यांना ती आठवली नव्हती. तेव्हा त्यांना फक्त ऑफिसात नवीन खोली मिळाल्याचं आठवत होतं.

झालं होतं ते असं. शिक्षण खात्याने बराच विचार करून मान्य केलं होतं की मुलांना शिकण्याचा जसा हक्क आहे तसा विश्रांतीचाही आहे, आणि खेळण्याचा, आणि नुसतं लोळण्याचाही. म्हणून प्रत्येक शाळेत दुपारच्या जेवणानंतर एक तास मोकळा ठेवायचा. त्या तासात शिकवायचं नाही, गृहपाठ द्यायचा नाही, स्पर्धा घ्यायची नाही. नियम चार ओळींचा होता आणि त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. खात्यात असं क्वचितच होतं. पण नियम आला की तपासनीस आला, आणि तपासनीस कोण, तर ज्याने नोकरीत आजवर एकदाही हक्काची रजा घेतली नव्हती तो. वरच्यांना वाटलं, एवढा कामसू माणूस विश्रांतीचं कामही जिवापाड करील. त्यांचा अंदाज चुकला नाही, हेच दुर्दैव.

साहेबांच्या घरात तीन माणसं. ते, दवाखान्यात परिचारिका असलेली त्यांची बायको, आणि नववीतली लेक. लेक शाळेतून शिकवणीला, शिकवणीहून पोहायला आणि पोहून आल्यावर भाषेच्या वर्गाला जायची. हे वेळापत्रक साहेबांनी स्वतः आखलं होतं आणि ते चार रंगांत होतं. या सगळ्यातून वाचलेला जो थोडा वेळ असे, तो ती मागच्या जिन्याच्या पायरीवर घालवी. हनुवटी गुडघ्यावर, नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काही नव्हतं. साहेबांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं.

रात्रीच्या जेवणाला साहेबांचा एक ठरलेला प्रश्न असे. "आज काय केलंस?"

"काही नाही," लेक म्हणायची.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, बाबा."

साहेबांना वाटे, एवढे पैसे, एवढी धावपळ आणि उत्तर काय तर काही नाही. बायको ताटातून मान वर न करता म्हणायची, "अहो, जेवू द्या तिला. तुमची तपासणी उद्या ऑफिसात करा." साहेब मनात ती दोन शब्दांची खंत घेऊनच हात धुवायला उठत.

नव्या कामाचा पहिला दिवस उजाडला. साहेब एका साध्याशा शाळेत मोकळा तास बघायला गेले. गळ्यात शिट्टी, हातात पॅड, खिशात दोन पेनं, एक आटलं तर दुसरं. मैदानावर मुलं होती. एक मुलगा पायाने खडा ढकलत भिंतीपर्यंत नेत होता आणि परत आणत होता. दोन मुली कशावरून तरी भांडत होत्या, आणि साहेब जवळ जाईपर्यंत कशावरून ते त्या विसरल्या होत्या. एक जाडा मुलगा पोटावर पडून मुंग्या बघत होता. बाकीची उगीच इकडून तिकडे पळत होती. साहेबांनी पॅडवर तारीख लिहिली, शाळेचं नाव लिहिलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. पुढे काय लिहायचं? "मुले काही करत नव्हती" असं लिहिलं तर ती तक्रार वाटते. "मुले विश्रांती घेत होती" म्हणावं, तर वर विचारणार, कशावरून?

"साहेब," तिथल्या मोठ्या बाईंनी काळजीने विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

"तसं नाही," साहेब म्हणाले. "पण पुरावा काय?"

"कशाचा?"

"विश्रांती झाल्याचा."

बाईंनी मैदानाकडे पाहिलं. जाडा मुलगा मुंग्या बघता बघता झोपला होता. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, एकावरून शाळेचं कसं ठरवणार? आणि त्याला उठवून त्यांनी विचारलं, "बाळ, तुला विश्रांती मिळाली का?" बाळ दचकून रडायला लागलं. विश्रांती खात्याने केलेलं हे पहिलं काम.

ऑफिसात परत आल्यावर साहेबांनी यावर तोडगा काढला. तोडगा काढण्यात ते पटाईत होतेच, अडचण नसली तरी काढत. त्यांनी एक गुणपत्रक तयार केलं. अंगाच्या स्थिरतेला गुण, शांततेला गुण, श्वासाच्या संथपणाला गुण आणि शेवटी "चेहऱ्यावरील समाधान" याला दहापैकी. ते समाधान मोजायचं कसं हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, पण रकाना आखल्यावर आत काहीतरी पडतंच, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

पडलंच. महिन्याभरात शाळांना वास लागला की विश्रांतीला गुण आहेत. आणि गुण आहेत म्हटल्यावर शाळा कुणाच्या बापाचं ऐकतात? एका नावाजलेल्या शाळेने चटया मागवल्या, एका रंगाच्या. साहेब तपासणीला गेले तेव्हा सगळी शाळा सभागृहात रांगेने उताणी पडली होती. व्यायामाचे शिक्षक मंचावर उभे राहून ओरडत होते, "हात सैल सोड! पाय सैल सोड! ए तिसऱ्या रांगेतला, सैल सोड म्हटलं ना, का येऊ तिथे?" शिट्टी वाजली की सगळे उजव्या कुशीवर. पुन्हा शिट्टी, डाव्या कुशीवर. शेवटी सगळ्यांनी एकदम डोळे उघडले आणि एका सुरात म्हटलं, "आम्ही ताजेतवाने झालो!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगायचं, आनंदाचं होतं. इतकी वर्षं ज्या कामात मेलो त्याचं सोनं झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले, चटयांच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो सगळ्या शाळांना आदर्श म्हणून पाठवला. तेव्हापासून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं, झोपतपासे. ऑफिसातलेही पाठीमागे तेच म्हणू लागले. साहेबांच्या कानावर आलं तेव्हा ते खूश झाले. पदावरून नाव पडणं ही मोठ्या माणसांची खूण आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "हो, बाकीची मोठी माणसं पदावर जागी असतात, एवढाच फरक."

मग काय, लाट आली. मोकळ्या तासाच्या आधी मोकळ्या तासाचा सराव सुरू झाला. त्यासाठी मुलांचं जेवण लवकर उरकू लागलं. मग चित्रकलेचा तासही त्यातच गेला. ज्यांना नीट निपचित पडता येत नाही अशांना शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ लागले. चौकात एका दुकानावर पाटी लागली, "विश्रांतीची शिकवणी. हमखास पूर्ण गुण. मर्यादित चटया." मुलांची अवस्था भीक नको पण कुत्रं आवर अशी झाली. पूर्वी निदान गणिताच्या तासाला मागच्या बाकावर डुलकी तरी काढता यायची. आता डुलकीलाही परीक्षा होती.

आणि एके दिवशी दिव्याखाली अंधार सापडला. लेकीच्या वर्गशिक्षिकेचा साहेबांना फोन आला. आवाज अगदी हळू, दुखवट्याला येतात तसा.

"सर, सांगायला संकोच वाटतो. तुमच्या मुलीला विश्रांतीत चार गुण आहेत."

"दहापैकी?"

"हो. चटईवर असते, पण खिडकीबाहेर बघते. मध्येच हसते. परवा गुणगुणत होती. सर, दुसऱ्या कुणाची असती तर एवढं नसतं वाटलं."

साहेबांचा चेहरा पडला. झोपतपाशांची पोर विश्रांतीत नापास! त्यांनी दुसऱ्याच दिवशी चौकातल्या शिकवणीत तिचं नाव घातलं. वेळापत्रकात पाचवा रंग आला. रविवारी सकाळी ते स्वतः तिला दिवाणखान्यात चटईवर झोपवून वर शिट्टी घेऊन उभे राहू लागले. बायको हातात चहाचा कप घेऊन दारात उभी राहून हे बघायची.

"अहो," एकदा ती म्हणाली, "दवाखान्यात अशा पडलेल्या माणसांची मी नाडी बघते."

"तुला प्रत्येक गोष्टीत चेष्टाच सुचते."

"मी चेष्टा करत नाही हो," बायको म्हणाली. तिचा आवाज खरंच चेष्टेचा नव्हता. साहेबांना ते कळलं, पण शिट्टीची वेळ झाली होती.

लेक गुणी. बापावर गेलेली, आणि हीच सगळी फजिती. तिने मनावर घेतलं. चाराचे सहा झाले, सहाचे आठ झाले. शाळेने तिला पुढच्या रांगेत आणलं. आणि जेवणाच्या वेळचं उत्तरही बदललं. "आज काय केलंस?" विचारलं की ती घडाघडा सांगायची. दहा मिनिटं उजवी कूस, दहा मिनिटं डावी, श्वास संथ, बोटं सैल, चेहऱ्यावर समाधान साडेआठ. साहेब घास हातात धरून ऐकत राहत. असं भरगच्च उत्तर मिळावं म्हणून तर त्यांनी जीव टाकला होता. पण का कोण जाणे, घास पहिल्यासारखा उतरेना.

एका संध्याकाळी पोहण्याचा वर्ग बंद होता. लेकीला आयता वेळ मिळाला. साहेब पेपराआडून बघत होते की आता ती मागच्या जिन्यावर जाईल. ती गेली नाही. पलंगाच्या कडेला ताठ बसून राहिली, गाडीची वाट बघत असल्यासारखी.

"का गं, आज पायरीवर नाही बसलीस?"

"तिथे?" लेकीने जरा विचार केला. "तिथे बसून काय करू, बाबा? तिथे कुणी गुण देत नाही."

साहेबांनी पेपर वर धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही. पेपर उलटा होता, हे बायकोने नंतर त्यांना सांगितलं. पण साहेब साहेबच. त्यांनी स्वतःची समजूत घातली की पोर वयात येते आहे, होतं असं.

याच सुमारास वरून निरोप आला. मोकळ्या तासाचं वर्ष भरत आलं होतं. गणिताच्या मंडळींनी मागणी केली होती की एवढा मोठा तास नुसता लोळण्यात घालवण्यापेक्षा आम्हाला द्या, आम्ही त्याचं काहीतरी करून दाखवतो. निर्णय संचालिका बाईंच्या हातात होता. त्या स्वतः एका शाळेत येऊन बघणार आणि जागच्या जागी ठरवणार, तास ठेवायचा की गणिताला द्यायचा. शाळा निवडली गेली ती लेकीची. शिवाय आतल्या गोटातून साहेबांना कळलं की बाईंवर छाप पडली तर विश्रांतीचा स्वतंत्र विभाग होणार, आणि त्याच्या प्रमुखाला गाडी. साहेबांनी त्या रात्री गाडीचा रंगही ठरवला. करडा. डोळ्यांना विश्रांती देणारा.

तो दिवस आला. सभागृहात चटया अंथरल्या होत्या. सगळी शाळा उताणी. पुढच्या रांगेत मधोमध लेक, तिला आदर्श म्हणून खास तिथे ठेवलं होतं. संचालिका बाई खुर्चीत बसल्या. ठेंगण्या, करारी, डोळ्यांवर चष्मा, पर्स मांडीवर. त्यांच्या शेजारी उभं राहून साहेब हळू आवाजात समजावून देत होते. ही स्थिरता, ही शांतता, हा संथ श्वास. बाई मान हलवत होत्या. गाडी जवळ जवळ दारात उभी होती.

तेवढ्यात एक माशी आली.

माशीला गुणपत्रक ठाऊक नव्हतं. ती एक-दोघांवरून घोंगावली आणि येऊन बसली ती नेमकी लेकीच्या नाकावर. साहेबांचं बोलणं चालूच होतं, पण नजर तिकडे गेली. माशी नाकाच्या शेंड्यावरून खाली उतरली, वरच्या ओठावर आली, तिथे थांबून तिने पाय चोळले. लेकीची पापणी थरथरली. मांडीशेजारचा हात होता तिथेच होता. साहेबांना वाटलं, आता हाकलेल. माशी गालावरून डोळ्याच्या कोपऱ्याशी गेली. तिथून ओल फुटली आणि कानाकडे ओघळली, तरी हात जागचा हलेना. आणि चेहऱ्यावर समाधान होतं. शिकवल्याप्रमाणे, ओठांचे कोपरे जरासे वर.

साहेबांचं बोलणं थांबलं. ते पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि पुटपुटले, "अगं, हाकल ना ती!"

ओठ न हलवता, डोळे न उघडता लेक म्हणाली, "गुण जातील, बाबा."

साहेबांनी हाताने माशी उडवली. ती उडाली आणि शेजारच्या मुलीवर बसली. ती मुलगीही हलली नाही. साहेबांनी तिथलीही उडवली. ती तिसऱ्यावर गेली. पन्नाशी उलटलेला, कोट घातलेला सरकारी अधिकारी गुडघ्यांवर रांगत चटयांमधून माशीमागे चालला होता आणि शंभरभर मुलं समाधानी चेहऱ्याने छताकडे तोंड करून निपचित पडली होती. पुढे कधीही हा प्रसंग सांगताना साहेब इथपर्यंत हसत हसत येत आणि इथे गप्प होत. कारण रांगता रांगता त्यांना बायकोचं नाडीचं बोलणं आठवलं होतं, आणि ते घाबरले होते. मनापासून घाबरले होते.

ते उठले. शिट्टी वाजवली. सगळी मुलं उजव्या कुशीवर वळली.

"नाही, नाही!" साहेब म्हणाले. "उठा. बाहेर जा. मैदानावर."

कुणी उठेना. ही नवी परीक्षा असावी अशी सगळ्यांची खात्री होती. शेवटी मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "सर, मैदानावर काय करायचं?"

"काही करू नका."

"ते कसं करायचं, सर?"

"आणि गुण किती?" दुसऱ्याने विचारलं.

"गुण नाहीत," साहेब म्हणाले. "माझ्या बाळांनो, गुण नाहीत. माझं चुकलं. जा आता."

मुलं एकमेकांकडे बघत उठली. रांगेनेच बाहेर गेली, मैदानावर जाऊन रांगेतच उभी राहिली. बराच वेळ तशीच. मग कुणीतरी कुणाला तरी ढकललं. ढकललेल्याने मागच्याला ढकललं, आणि रांग मोडली ती मोडलीच.

सभागृहात संचालिका बाई आणि साहेब दोघेच उरले, आणि त्या चटया.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"कुंपणाने शेत खाल्लं, बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही मला राखायला नेमलं होतं. गणितवाल्यांपासून तास वाचवायचा म्हणून मी सगळीकडे हिंडलो आणि सगळ्यात जास्त मीच खाल्ला. गणितवाले निदान प्रामाणिकपणे मागतात तरी."

"म्हणजे तास बंद करू?"

"नको, नको. मला बंद करा."

बाई हसल्या नाहीत. "सोपं आहे हे म्हणायला. सरकारने हक्क दिला, मग हात झटकून घरी जायचं? तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी इथे बीजगणित सुरू होईल. मला माहीत आहेत या शाळा."

याचं उत्तर आपल्या पायांनी आलं. खिडकीतून दिसलं, मैदानाच्या फाटकापाशी गणिताचे सर वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून आत शिरत होते. मुलं मोकळी दिसली आणि त्यांना राहवलं नाही. साहेब धावले. उभ्या जन्मात धावले नव्हते असे धावले आणि फाटकात हात आडवा घातला.

"फक्त दहा मिनिटं, साहेब," सर म्हणाले. "एकच प्रकार राहिलाय."

"नाही."

"मुलांच्याच भल्याचं आहे हो."

"असेल. आत्ता नाही."

"तुम्ही मग आत काय करताय?"

साहेबांनी खाली पाहिलं. धावण्याच्या भरात त्यांचे पाय फाटकाच्या आत होते. त्यांनी ते उचलून बाहेर ठेवले आणि फाटक ओढून घेतलं. मागून येऊन पोचलेल्या संचालिका बाई आतल्या बाजूला राहिल्या. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, मग गणिताच्या सरांकडे, मग स्वतःच फाटक उघडून बाहेर आल्या.

"हेच म्हणायचं होतं, बाई," साहेब धापा टाकत म्हणाले. "सरकारने इथे बसायचं. दारात. आत कुणाला जाऊ द्यायचं नाही, आणि आपणही जायचं नाही."

"कोण बसणार?" बाई म्हणाल्या.

तास राहिला. गुणपत्रकं गेली, चटया गेल्या, गाडीही गेली, करड्या रंगासकट. साहेबांचा हुद्दा कागदावर तोच होता, पण मोकळ्या तासाला रोज एका शाळेच्या फाटकावर स्टूल टाकून बसायचं, हे काम झालं. ऑफिसात हशा पिकला. साहेबाचा वॉचमन झाला, म्हणून. हा विनोद पहिल्यांदा आपणच केला असं साहेब सांगत. ते खरं नव्हतं, पण सर्वात जास्त वेळा त्यांनीच केला, हे खरं.

वॉचमनचं काम सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस बसून बघावं. रोज त्या त्या शाळेचे गणिताचे सर यायचे, कधी वह्या घेऊन, कधी नुसतेच, "बघायला". एक आई डबल शिकवणीसाठी पोराला न्यायला यायची. "त्याला आवडतं हो जास्तीचं शिकायला," म्हणायची, आणि पोरगं आतून हात जोडून मान हलवायचं. नाचाचे मास्तर यायचे, संमेलन जवळ आलंय म्हणून. साहेब सगळ्यांना एकच शब्द ऐकवत, "नंतर." शिव्या खाव्या लागत. त्या त्यांना पचत. पचत नव्हतं ते वेगळंच. पाठीमागे मैदान होतं, तिथे आरडाओरडा, हशा, मध्येच संशयास्पद शांतता. आणि वळून बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. मान दुखायला लागायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी फाटकांच्या कड्या घासून लख्ख केल्या. दुसऱ्या आठवड्यात बिजागऱ्यांना तेल दिलं. मग घासायला काही उरलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे हात मांडीवर नुसते पडून राहिले. त्यांना ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटले.

लेकीच्या शाळेच्या फाटकावर पाळी यायची तेव्हा तर जिवावर यायचं. ती आत काय करत असेल? एकटी असेल का? रांगेतच तर उभी नसेल ना? एकदा वळून बघायला काय हरकत आहे, बाप आहे मी. असं मन म्हणायचं आणि मान थोडी वळायचीही. मग ते स्टुलाच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसायचे.

अशाच एका दिवशी संध्याकाळी तिघं जेवायला बसली. लेकीच्या पाठीला गवत चिकटलं होतं, कोपर खरचटलं होतं आणि एका वेणीची रिबन नव्हतीच. साहेबांनी ठरवलं होतं, आज विचारायचं नाही. पण जित्याची खोड.

"आज काय केलंस?"

लेकीचा हात थांबला. ती आठवायला लागली. साहेबांना धस्स झालं, आता उजवी कूस, डावी कूस येणार. बायकोनेही ताटातून मान वर केली.

"काही नाही," लेक म्हणाली.

"काही नाही म्हणजे" हे शब्द साहेबांच्या घशापर्यंत आले. त्यांनी ते गिळले आणि वरून पेलाभर पाणी प्यायले. बायकोने त्यांचा पेला पुन्हा भरला.

जेवण झाल्यावर लेक उठली आणि मागच्या जिन्यावर गेली. साहेब तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती पायरीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यावर, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांना फार वाटलं की जाऊन शेजारी बसावं, डोक्यावरून हात फिरवावा, गवत काढावं. ते उंबऱ्यापाशीच थांबले.

फोन वाजला. शिकवणीच्या बाई होत्या. आज एक जास्तीचा वर्ग ठेवला आहे, मुलगी घरी असेल तर लगेच पाठवा, म्हणाल्या.

"घरीच आहे," साहेब म्हणाले. त्यांनी दार अलगद लोटलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. "पण नाही येऊ शकणार, बाई. ती आत्ता रिकामी आहे."